समाजाची तयारी

‘समाजाची अद्याप तयारी झालेली नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात गेली सव्वाशे-दीडशे वर्षे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते कोण कोणास उद्देशून म्हणतो, याकडे लक्ष देण्याचे भान फारसे कोणास राहिलेले नाही. सांप्रत बुद्धिमान यंत्रे, नवे कारखाने, नवे महामार्ग यांविषयी सुशिक्षित घरांतून जे बोलणे चालते, त्याचा शेवटही बहुधा याच वाक्याने होतो. बदल फार वेगाने येत आहेत, समाज त्यांना पुरा पडत नाही, तेव्हा थोडे दमाने घ्यावे, असा एकंदर सूर असतो. सूर समंजस आहे खरा. पण तो कोणत्या प्रसंगी निघतो आणि कोणत्या प्रसंगी मुळीच निघत नाही, हे पाहिल्यावाचून त्याच्या समंजसपणास मान्यता देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी सुटली, तेव्हा लोकांची तयारी आहे काय, हे कोणी कोणास विचारले नाही. काही दिवस नवल, काही दिवस सोवळ्याओवळ्याची कुरकूर, आणि पुढे त्याच गाडीने सर्व जातींची माणसे तीर्थयात्रेस निघाली. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीची मर्यादा दहा वर्षांवरून बारावर नेली, तेव्हा मात्र समाजाच्या तयारीची चिंता घरोघर उत्पन्न झाली. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा त्या वेळचा एक आक्षेप वजनदार होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलीची संसाराची तयारी झाली आहे काय, हा प्रश्न विरोधकांच्या सभांतून फारसा ऐकू आला नाही. आगरकरांस तो ‘सुधारका’तून विचारावा लागला आणि त्याबद्दल जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली.

हा भेद जवळून पाहावयाचा तर छत्रपती संभाजीनगरासारखे दुसरे गाव सापडणे कठीण. बदल पचविण्याची या नगराची शक्ती मोठी आहे. १६१० साली मलिक अंबराने वसविलेल्या खडकीचे पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. डोंगरातील पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी नहर येथे अंबराच्या काळात झाली. त्याच जलविद्येवर पुढे पाणचक्की फिरली. राज्ये बदलली, दरबाराची भाषा बदलली. निजामाच्या राज्यात मराठी मुलास उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस जाऊन उस्मानियात उर्दूतून शिकावे लागे, तेही येथील लोकांनी केले. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे आजचे मिलिंद, येथे काढले. आठ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

उद्योगांचे तसेच. चिकलठाणा झाले, वाळूज झाले, शेंद्रा झाले. ऐंशीच्या दशकात बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि ज्वारी-बाजरीच्या रानात पाळीचे भोंगे वाजू लागले. कुणब्याचा मुलगा यंत्रावर उभा राहिला, खेड्यांच्या वसाहती झाल्या, जमिनीचे भाव चढले. २०१० साली तर येथील धनिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या, आणि त्याची वार्ता देशभर झाली. शहरात त्या मोटारींजोगे रस्ते आहेत काय, असा विनोद पुष्कळांनी केला. पण समाजाची तयारी नसल्याने खरेदी दहा वर्षे पुढे ढकलावी, असे कोणी सुचविले नाही!

आता याच नगरातील दुसरी गोष्ट पाहू. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ज्या पुरुषाने या मागास प्रदेशात महाविद्यालय काढून शेकडो मुलांना पदवीचा रस्ता दाखविला, त्याचे नाव विद्यापीठास द्यावयाचे, एवढाच तो बदल. कोणाचे शेत जात नव्हते, कोणाचा पगार बुडत नव्हता. तरीही मराठवाडा पेटला. खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. सरकारने ठराव बाजूस ठेवला, आणि मग तेच जुने वाक्य आले: समाजाची तयारी नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव प्रत्यक्षात आले, तोपर्यंत साडेपंधरा वर्षे लोटली होती.

नामांतरास विरोध करणारे सारेच जातिद्वेष्टे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबाद मुक्तिसंग्रामात झिजलेली काही आदरणीय माणसे त्या बाजूस होती. ‘मराठवाडा’ हा शब्द त्यांच्या दृष्टीने त्या लढ्याची खूण होता आणि ती पुसली जाऊ नये, ही त्यांची भावना खरी होती. तडजोडीत तो शब्द राहिला, हे योग्यच झाले. पण खेड्यांत घरे पेटविणाऱ्यांच्या मनात मुक्तिसंग्रामाची स्मृती होती, असे कोणी म्हणू पाहील तर ते आम्हांस पटणार नाही. कालपर्यंत गावकुसाबाहेर वाकून उभे राहणारे ताठ मानेने पदवी घेतात आणि आपल्या नेत्याचे नाव त्या पदवीवर मागतात, हे त्यांस खुपले. आगगाडी, पाळीचा भोंगा, मोटार यांनी घरातील वस्तू बदलतात. येथे पायरी बदलत होती.

यावर असे म्हटले जाते की, ठराव घाईने झाला, आधी मने तयार करावयास हवी होती. मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. पण मग त्या साडेपंधरा वर्षांत मने तयार करण्याचे काम कोणी, कोठे केले? राज्यकर्त्यांनी बव्हंशी वाट पाहिली. मोर्चे काढले, नागपूरहून पायी चालत आले, तुरुंग भोगले ते मागणाऱ्यांनी. महाडासही हेच घडले होते. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले, नगरपालिकेने पुढे त्यास अनुसरून ठरावही केला, आणि तरी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तयारी व्हावी म्हणून दिलेली मुदत बहुधा कोणीच तयारीत घालवीत नाही. उलट, नाव लागल्यावर काय झाले, ते पाहावे. आज सर्व जातींची मुले तेच नाव छापलेली पदवी घेऊन नोकरीस जातात, घाईच्या बोलण्यात ‘बामू’ म्हणतात, आणि दर १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारी माणसांचा समुद्र लोटतो. मने तयार झाली, ती बहुतांशी नाव लागल्यानंतर.

म्हणून आमचे म्हणणे असे की, तयारीचा प्रश्न वरच्यास काही सोडावे लागते तेव्हाच निघतो; खालच्यावर काही लादावयाचे असते तेव्हा तो कोणाच्या मनातही येत नाही. याच शहरात सूत व रेशीम एकत्र विणून हिमरू काढणाऱ्या कारागिरांचे घरोघर माग होते. यंत्रमागाचे स्वस्त कापड बाजारात आले, तेव्हा त्यांची तयारी कोणी पाहिली नाही. आज हातमाग मोजकेच उरले आहेत आणि आम्ही ते पाहुण्यांस कौतुकाने दाखवितो. आता बुद्धिमान यंत्रे हिशेबनिसाच्या, अनुवादकाच्या, अभियंत्याच्या मेजापर्यंत आली आहेत, आणि प्रथमच आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतून ‘समाज तयार नाही’ हा उद्गार स्वतःविषयीच्या काळजीने निघत आहे. ती काळजी खोटी नाही. विणकराची काळजीही खोटी नव्हती.

आणि खेड्यात? २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करावयाची आहे. पूर्वी तलाठी नोंद करी; आता बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावे लागते, गट क्रमांक निवडावा लागतो, आणि मुदतीत नोंद झाली नाही तर पुढे अनुदानाच्या वेळी अडचण येते. कल्पना वाईट नाही. बांधावर न जाता केलेल्या जुन्या नोंदींचे दोष सर्वांस ठाऊक आहेत. पण साठी ओलांडलेल्या, अक्षरओळख जेमतेम असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याची यासाठी तयारी आहे काय, म्हणून ती योजना कोणी पंधरा वर्षे थांबविली नाही. तो आपली वाट काढतो. मुलगा वाळूजला पाळीवर असतो. साप्ताहिक सुटीस तो गावी येतो, तेव्हा बापलेक बांधावर जातात, आणि फोनला रेंज मिळाली तर कपाशीची नोंद होते.