परीक्षकाचे ऋण

वर्तमानपत्रातील चित्रपट-परीक्षणाचे आयुष्य फार तर आठवड्याचे. शुक्रवारी चित्रपट झळकतो, रविवारी परीक्षण छापून येते आणि पुढच्या शुक्रवारी ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. लिहिणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. त्यामुळे त्याची लेखणी थोडी सैलही सुटते. परंतु हीच परीक्षणे वीस-पंचवीस वर्षांनी एकत्र बांधली जाऊन ग्रंथरूपाने समोर येतात, तेव्हा मोठी उलटापालट होते. ज्याने इतरांचा न्याय केला तोच आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. चित्रपट काळाच्या कसोटीला उतरला की नाही, हे आपल्याला एव्हाना कळलेले असते. परीक्षकाने त्या दिवशी काय पाहिले, एवढेच तपासायचे राहते.

अशा संग्रहांकडे आपण करमणूक म्हणून पाहतो. मला त्यांत नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न दिसतो. दुसऱ्याच्या श्रमांवर मत देणारा माणूस त्या श्रमांचे काही देणे लागतो का?

आपल्याकडचे ठळक उदाहरण बाबूराव पटेल यांचे. पालघरजवळच्या मासवण गावी १९०४ साली जन्मलेल्या या गृहस्थाने १९३५ मध्ये मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले आणि पुढली दोन-अडीच दशके चित्रपटसृष्टीला धाकात ठेवले. त्यांच्याजवळ धैर्य होते, हे निर्विवाद. 'द ड्रम' आणि 'गंगा दीन' या भारतीयांची हेटाळणी करणाऱ्या परदेशी चित्रपटांविरुद्ध त्यांनी ब्रिटिश अमदानीतच रान उठवले. पण तीच लेखणी नटनट्यांच्या चेहऱ्यामोहऱ्यावर, अंगयष्टीवरही तुटून पडे. शांता आपटे यांनी चिडून, हाती छडी घेऊन त्यांचे कार्यालय गाठले, असे सांगितले जाते. सिद्धार्थ भाटिया यांनी २०१५ साली पटेल दांपत्यावर ग्रंथ लिहिला, त्यात त्या मासिकातले बरेच काही वाचायला मिळते. पहिली काही पाने वाचताना हसू आवरत नाही. मात्र दहा-बारा परीक्षणे लागोपाठ वाचली की वाटू लागते, बाबूरावांचा त्या दिवशीचा राग आपल्याला पुरेपूर समजला, चित्रपट मात्र कुठे दिसलाच नाही.

येथे घोटाळा होऊ नये. कठोर मत देणे हा अन्याय नव्हे. वाईट चित्रपटाला वाईट म्हणणे हे परीक्षकाचे कर्तव्यच आहे, कारण त्याचे देणे वाचकालाही लागते. घणसोलीचा वा नेरूळचा एखादा कामगार चार माणसांचे कुटुंब घेऊन मल्टिप्लेक्सात जातो, तेव्हा त्याची दोन-तीन दिवसांची मजुरी खर्ची पडते. निर्मात्याच्या मेजवानीला जाऊन आलेल्या परीक्षकाने त्याला खोटी शिफारस केली, तर ती उघड फसवणूक होय. माझ्या मते स्तुतिपाठक हा निंदकापेक्षा अधिक निर्ढावलेला असतो. निंदकाला निदान शत्रू तरी होतात.

अन्याय कठोरपणात नसून न पाहता बोलण्यात आहे. आणि न पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक थट्टेचा. दुसरा यादीचा, आणि तो आपल्या घरात अधिक वापरला गेला आहे. मिस्सानंतर पालक विचारतात, ''फादर, हा सिनेमा मुलांना दाखवावा का?'' त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. प्रश्न प्रामाणिक असतो आणि काळजीपोटी आलेला असतो. ख्रिस्तसभेनेही तो कधी हसण्यावारी नेला नाही. अमेरिकेत १९३४ पासून 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही कॅथलिक संस्था चित्रपटांची निर्दोष, अंशतः आक्षेपार्ह आणि निषिद्ध अशी वर्गवारी करू लागली. पोप अकराव्या पायस यांनी १९३६ च्या परिपत्रात तिचे कौतुक केले. लहान मुलांसाठी अशी यादी उपयोगी असते, हे मी नाकारीत नाही. पण यादी दृश्ये मोजते. चित्रपट पाहत नाही.

दे सिकांच्या 'बायसिकल थीव्ह्ज'चे पाहा. रोममधला एक गरीब बाप भिंतींवर भित्तिपत्रके चिकटवण्याचे काम कसेबसे मिळवतो. त्या कामासाठी लागणारी सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि तो लहानग्या मुलाला घेऊन शहरभर ती शोधत हिंडतो. १९५० साली हॉलिवूडच्या आचारसंहिता कार्यालयाने या चित्रपटाला परवाना नाकारला. कारणे दोन: मुलगा भिंतीशी लघवीला उभा राहतो आणि चोराचा पाठलाग एका कुंटणखान्यात शिरतो. दे सिकांनी कात्री लावू दिली नाही. त्या कार्यालयाचे प्रमुख जोसेफ ब्रीन हे निष्ठावंत कॅथलिकच होते. पुढे १९५२ मध्ये मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात बिमल रॉय यांनी हाच चित्रपट पाहिला आणि त्यातून 'दो बीघा जमीन'ला चालना मिळाली. १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपट निवडले. त्यांत 'बायसिकल थीव्ह्ज' आहे. चित्रपटातली एक चौकटही बदलली नव्हती.

मग पाहणे म्हणजे काय? मराठीत याचे उत्तम उत्तर अरुण खोपकर यांच्या 'गुरु दत्त: तीन अंकी शोकांतिका' या १९८५ च्या पुस्तकात आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. 'कागज़ के फूल' १९५९ मध्ये पडला. त्यानंतर गुरु दत्त यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव पुन्हा लावले नाही, आणि १९६४ च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. कोणा परीक्षकावर या मृत्यूचे खापर फोडणे हाही अविचारी निवाडाच ठरेल. पण खोपकर दोन तपांनंतर त्याच चित्रपटाकडे परततात आणि छायाप्रकाश, कॅमेऱ्याची चाल, गाण्यांची जागा हे सारे बारकाईने उलगडत जातात. त्यांचे काही निष्कर्ष मला पटत नाहीत. तरीही पुस्तक मिटल्यावर चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो, कारण मतभेद करण्यापुरती सामग्री त्यांनी आपल्या हाती ठेवलेली असते.

आता उरतो संग्रहाचा खरा पेच. चुकलेला निवाडा ग्रंथात घेताना दुरुस्त करावा, गाळावा, की तसाच ठेवावा? शिकागोचे परीक्षक रॉजर ईबर्ट यांच्यापुढे हा प्रश्न अनेकदा आला. कॅथलिक घरात व शाळेत वाढलेल्या या लेखकाने १९६७ पासून २०१३ मधील मृत्यूपर्यंत 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये परीक्षणे लिहिली. १९७५ साली पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पहिले चित्रपट-परीक्षक. त्यांनी आपल्या झोंबऱ्या परीक्षणांचे वेगळे संग्रह काढले. (अर्थात लोकांना ते आवडतात, दुसऱ्याची धुलाई फुकटात कोणाला नको असते?) परंतु २००३ साली कान महोत्सवात त्यांनी 'द ब्राउन बनी'ला महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट चित्रपट म्हटले, तेव्हा दिग्दर्शक व्हिन्सेंट गॅलो यांनी त्यांच्या स्थूल देहावरून त्यांना शिव्या घातल्या, शापही दिला. पुढे गॅलोंनी चित्रपट पंचवीसएक मिनिटांनी कापला. ईबर्टनी २००४ मध्ये तो पुन्हा पाहिला आणि चारपैकी तीन तारे दिले. हा चित्रपट आपल्या कुटुंबांनी पाहावा असे मी मुळीच सुचवीत नाही. लक्षात घ्यावे ते एवढेच, की शिव्या खाऊनही हा माणूस पुन्हा काळोखात जाऊन बसला.

संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधने'च्या आरंभी सूचना आहे, की दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ लावावा, आणि तो लागत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे हे विचारावे. पडद्याला प्रश्न विचारता येत नाही. परीक्षकाला तो पुन्हा पाहावाच लागतो. १९९३ साली ईबर्टनी 'ग्राउंडहॉग डे' या चित्रपटाला बरा म्हणून सोडून दिले होते. एकच दिवस पुन्हापुन्हा जगावा लागणाऱ्या एका आढ्यतेखोर माणसाची ती कथा. २००५ साली थोर चित्रपटांवरील आपल्या लेखमालेत त्यांनी तिला स्थान दिले आणि पूर्वी आपण तिला कमी लेखले, हे सांगून टाकले. जुने परीक्षण त्यांनी खोडले नाही. त्या-त्या तारखेखाली दोन्ही लेख आजही वाचायला मिळतात.