व्रत दोघांचं

संत एकनाथांच्या चरित्रात श्राद्धाच्या दिवसाची कथा येते. पैठणच्या वाड्यात पितरांसाठी स्वयंपाक झाला होता. वाटेने जाणाऱ्या भुकेल्या महार मंडळींना त्याचा वास आला. सर्वांभूती एकच देव पाहणाऱ्या नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ही कथा नाथांच्या भूतदयेची म्हणून सांगतात. पण त्या दिवशी श्राद्धाचा स्वयंपाक पुन्हा करण्यासाठी चूल दुसऱ्यांदा पेटवली ती नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी. दयेची निम्मी किंमत त्यांनी मोजली.

हे केवळ पतीच्या शब्दाखातर नव्हतं. नाथांची शांती भंगावी म्हणून आलेला एकजण, गिरिजाबाई वाढायला वाकल्या असता त्यांच्या पाठीवर बसला, अशीही कथा आहे. तो पडेल, सांभाळ, असं नाथ म्हणाले. आणि लेकराला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे, असं गिरिजाबाईंनी सांगितलं. क्षमा त्यांच्याही अंगी मुरलेली होती. नाथांचा संसार परमार्थाच्या आड आला नाही, कारण परमार्थ एकट्याचा नव्हता.

मनं जुळली की संसार सुखाचा, असं आपण समजतो. पण आजारपणात, तंगीत, म्हाताऱ्या आईवडिलांचं करताना मनं थकतात. अशा वेळी दोघांनीही आपलं मानलेलं, दोघांनाही सारखंच बांधणारं काही असेल, तर रागाच्या भरातही तोंडून जाणारा शब्द आवरला जातो. धर्माचं बळ ते हेच.

आपल्या घरांत मात्र हे बंधन फार विषम वाटलं गेलं आहे. वटपौर्णिमेचा उपास तिचा, सौभाग्याची काळजी तिची, सोसणंही तिचंच. मार खाणाऱ्या लेकीला ‘पदरी पडलं पवित्र झालं’ म्हणून परत पाठवणं ही निष्ठेची शिकवण नव्हे. तो धर्माच्या नावाने केलेला अन्याय आहे. सप्तपदी तर दोघं चालतात. हा विधी जिथे असतो, तिथे दोघांनी मिळून सातवं पाऊल टाकल्यावरच विवाह पूर्ण होतो, असं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलमही सांगतं.

म्हणून घरात व्रत धरायचंच असेल, तर दोघांनी धरावं: खोटं न बोलण्याचं, हात न उगारण्याचं, दारी आलेल्याला उपाशी न धाडण्याचं. आणि त्याचे कष्टही दोघांनी वाटून घ्यावेत. जे व्रत नवऱ्यालाही तितकंच जड जातं, तेच संसाराला बळ देतं.