चौकटीबाहेरचं गाव



न्हावरे फाट्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात खताच्या जाहिरातीचं कॅलेंडर टांगलंय. त्यावर खेडं आहे. देऊळ, पिंपळाचा पार, बैलजोडी, डोईवर घागर घेतलेली नटलेली बाई. यात खोटं काहीच नाही. देऊळ असतं, पार असतो, बैल असतात. मग ते बघून माझ्या डोक्यात तिडीक का जाते?

कारण ती बाई कुठल्या पाणवठ्यावरनं आली, हे चित्र सांगत नाही. पारावर कोण बसायचं अन् कोण लांबून जोहार घालायचं, तेही सांगत नाही. गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं, चित्रकारानं चौकटीबाहेर. म्हणजे एकेक वस्तू खरी मांडूनही अख्खं चित्र खोटं होतं. माझा सवाल एवढाच: जे काढलंच नाही, त्याचा जाब चित्रकाराला विचारायचा की नाही?

अमेरिकेत आयोवा राज्यात ग्रँट वुड नावाचा चित्रकार होऊन गेला. गावाकडची चित्रं काढायचा. त्याचं १९३० सालचं 'अमेरिकन गॉथिक' जगभर गाजलं. घरापुढं हातात काटा घेतलेला शेतकरी, शेजारी बाई. पण चित्रासाठी वुडनं उभा केला होता त्याचा दातांचा डॉक्टर, अन् बाई म्हणजे त्याची सख्खी बहीण. १९४२ साली गॉर्डन पार्क्स या काळ्या फोटोग्राफरनं वॉशिंग्टनच्या सरकारी ऑफिसात साफसफाई करणाऱ्या एला वॉटसन या काळ्या बाईला अमेरिकेच्या झेंड्यापुढं उभं केलं. काट्याच्या जागी झाडू. त्या फोटोलाही नाव पडलं 'अमेरिकन गॉथिक'. पार्क्सनं वुडचं चित्र फाडलं नाही. त्यात कोण नाही ते दाखवलं.

आपल्याकडं नागपूरच्या सवी सावरकरांनी हेच केलं. त्यांच्या चित्रांत मेलेली गाय आहे, अस्पृश्य आहे, पेशवाईतलं गळ्यातलं मडकं आहे. असलं चित्र खतवाले कॅलेंडरावर छापणार नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावलं होतं. पण गोडव्यांची चित्रं भिंतीवर राहिलीच.

आता जरा आपल्याबद्दल. आपण कविता लिहितो, जयंतीचे फलक रंगवतो. आपल्या चौकटीबाहेर कोण आहे? न्हावऱ्याला साखर कारखाना झाला, तसे गळिताला ऊसतोडवाले येऊ लागले. फडाकडेला कोप्या, हातात कोयता, झोळीत पोर. त्यांना आपण किती ओळी दिल्या? पारध्याच्या पालाला किती? अन् आपली आई? 'सोसणारी' म्हणून एकदा लिहिली की आपण मोकळे. तिला काय वाटतं, हे कुणी विचारलं?

वुडला निदान ठाऊक नव्हतं म्हणता येईल. आपल्याला ती सबब नाही. वगळलं जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या अंगावर गेलंय त्यानंच दुसऱ्याला वगळलं, तर त्याचा गुन्हा मी जास्त मोठा मानतो.

म्हणून ते कॅलेंडर फाडू नका. शेजारी दुसरा खिळा ठोका. पण त्या खिळ्यावर फक्त आपलाच फोटो टांगायचा नाही.

जय भीम.