चाटणाऱ्या आईसाठी

विठाई, प्रयोगशाळेत जाण्याआधी तुझ्यापुढे उभी आहे. तुला आई म्हणायची आमची रीत जुनी. आजचं मागणंही आयांसाठीच आहे आणि त्यातल्या पहिल्या आया उंदरांच्या आहेत. हसू नकोस.

कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तू आम्हाला छळायला घडवलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पहाटे ते रक्तात चढतं, म्हणून आम्ही अंथरुणातून उठतो. जन्माच्या तोंडावर तेच बाळाची फुफ्फुसं तयार करतं. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बाईला त्याच जातीचं स्टेरॉइड टोचलं, तर लवकर आलेल्या लेकराचा श्वास सावरतो. आणि उंदराच्या पिल्लाला तर जन्मानंतर सुमारे दोन आठवडे तू अभयच दिलंस! त्या दिवसांत दचकलं तरी त्याच्या अंगातलं ताणाचं संप्रेरक (उंदरात ते कॉर्टिकोस्टेरॉन) फारसं उसळत नाही. अट एकच, आई जवळ हवी.

ती अट ज्यांच्या लक्षात आली, त्यांच्याबद्दल तुझे आभार मानते. सेमूर लेव्हाइन यांनी १९५०च्या दशकात पिल्लांना रोज थोडा वेळ उचलून परत ठेवलं, तर ती मोठेपणी कमी घाबरट निघाली. असं का, ते कळायला चाळीसेक वर्षं गेली. मॉन्ट्रिअलमध्ये मायकेल मीनी आणि त्यांचे सहकारी पिंजऱ्यांपुढे बसून पाहत राहिले (हे पाहत बसणं फार कंटाळवाणं असतं, मायबाई, तुला विटेवरून पाहायची सवय आहे). परत आलेल्या पिल्लाला आई जास्त चाटते. काही आया मुळातच जास्त चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे संप्रेरक ओळखणारे ग्राहक जास्त असतात, म्हणून भीती आली तरी ब्रेक लवकर लागतो. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. देवकीचं पिल्लू यशोदेकडे वाढलं, ते यशोदेवर गेलं. २००४ मध्ये मोशे झिफ यांच्यासोबत त्यांनी त्या ग्राहकाच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा दाखवल्या. जनुकाची अक्षरं तीच, खुणा आईच्या जिभेनं बदललेल्या. आणि मोठ्या झालेल्या उंदरातही औषधानं त्या बदलता आल्या. या शेवटच्या वाक्यासाठी मी तुझी विशेष ऋणी आहे.

ज्या पिल्लांना आम्ही रोज काही तास आईपासून दूर ठेवतो, त्यांच्यासाठी मी काय मागू? एवढंच, की त्यांच्या कष्टांतून आलेला एकही आकडा माझ्या हातून वाया जाऊ नये, आणि हवा तसा वळवलाही जाऊ नये.

आता खरं मागणं. हे संशोधन बातमीत गेलं, की पहिलं बोट आईकडे वळतं. मूल चिडकं का, घाबरट का? आईनं जवळ घेतलं नसेल! विठाई, माझ्या प्रयोगाची काठी करून कुणी बाईच्या पाठीत घालू नये. कारण मीनींच्याच प्रयोगशाळेत फ्रान्सिस शँपेन यांनी दुसरंही पाहिलं होतं: भरपूर चाटणाऱ्या उंदरिणीला गाभण असताना ताण दिला, तर तिचं चाटणं आटतं. माया होती, ताणानं ती आटवली. हे वाक्य बातमीत येत नाही.

म्हणून दसरा-दिवाळीनंतर बीडहून निघणाऱ्या कोयत्यांकडे, ऊसतोडीच्या जोडप्यांकडे पाहा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चून गेलेली. पोटुशी बाई फडात वाकून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. तान्हं पाचटावर, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीणही शाळा सोडून आलेली. त्या बाईला वात्सल्याचे धडे देण्याची हिंमत कुणाला होऊ नये, आम्हा शास्त्रज्ञांना तर मुळीच नाही.

मी फक्त जन्मदात्रीपुरतं मागत नाही. बुखारेस्टमधल्या संस्थांत वाढणाऱ्या १३६ बाळांचा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठी टाकावी तसं निवडून पालक-कुटुंबांत पाठवलं. संस्थेतच राहिलेल्यांची ताणाला उत्तर देणारी यंत्रणा मंदावलेली दिसली. जी अगदी लहानपणी घरात गेली, त्यांची सावरली. कूस परकी होती, पण मांडी मिळाली. तेव्हा आजीला बळ दे, शेजारणीला सवड दे, बापालाही मांडी घालून बसायला शिकव.

आणि फडाच्या बांधावर पाळणाघर उभं राहू दे, त्यात पगारी बाई असू दे. बाळंतिणीला उचल न फेडता विसाव्याचे महिने मिळू देत. काम थांबवून ती लेकराला पाजत बसली, त्या वेळेचा खाडा मुकादमाच्या वहीत पडू देऊ नकोस.