घातपातानंतरची सुरक्षितता

मोठा घातपात होऊन गेला की थोड्याच दिवसांत, “आता पुन्हा तसे होणे नाही,” असे म्हटले जाते. त्यानंतर देश खरोखरच अधिक सुरक्षित होतो काय? वाचक बंधुभगिनींनो, मुंबईच्या अनुभवावरून याचा विचार करू या.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट होऊन २५७ माणसे मरण पावली. त्यासाठीची स्फोटके समुद्रमार्गे रायगडच्या किनाऱ्यावर उतरवली होती, आणि ती येऊ देणारे काही कस्टम अधिकारी व पोलीसही पुढे दोषी ठरले. त्याच वर्षी किनाऱ्यालगत गस्त सुरू झाली. तरीही १५ वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, त्याच समुद्रातून दहा जण रबरी होडीने कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना पाहिलेही होते. पुढच्या तीन दिवसांत १६६ जणांचे प्राण गेले. वर्षानुवर्षे काहीच घडले नाही की पहारेकऱ्याचा डोळा लागतो, आणि लाच घेणाऱ्याला तर जागे राहूनही दिसत नाही.

२००८ नंतर राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली. कमांडोंना दिल्लीहून आणावे लागले होते, म्हणून मुंबई, हैदराबाद, चेन्नई व कोलकाता येथे त्यांची केंद्रे झाली. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. हे सर्व आवश्यकच होते. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तथापि १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार, ऑपेरा हाउस व दादर येथे स्फोट झालेच. त्यांना होडीची गरज नव्हती. चोर ज्या दाराने आला त्यालाच आपण कुलूप घालतो.

परंतु मला अधिक अस्वस्थ करते ते निराळेच. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. २०१५ साली विशेष न्यायालयाने ५ जणांना फाशी व ७ जणांना जन्मठेप सुनावली. गुन्हेगार सापडले, असे समजून आपण निश्चिंत झालो. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष सोडले. गुन्हा शाबीत झालाच नाही, असे म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला मानू नये, असे त्या न्यायालयाने सांगितले, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

यात अन्याय झालेल्यांचा प्रश्न तर आहेच. पण नुसत्या सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तरी काय दिसते? हे बारा जण ते नसतील, तर ज्यांनी गाड्यांत बाँब ठेवले ते इतकी वर्षे मोकळे राहिले. आणि आपण त्यांचा शोध घेणेही सोडून दिले होते. “लवकर कोणाला तरी पकडा,” असा आग्रह त्या वेळी आपणच धरला होता.