बंद पाकिटातलं निदान

नोव्हेंबर १९१५. युरोपात महायुद्ध पेटलेलं. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये कीटकांवर काम करणारा ब्रूस कमिंग्ज सैन्यभरतीच्या तपासणीला गेला, तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी तिथल्या अधिकाऱ्यासाठी दिलेलं बंद पाकीट त्याच्यापाशी होतं. अधिकाऱ्यानं छाती तपासली आणि लगेच नापास केलं. पाकीट दाखवायची वेळच आली नाही. परतीच्या गाडीत त्यानं ते फोडलं. आपल्याला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, हे त्याला असं कळलं. वय सव्वीस, लग्नाला दोन-अडीच महिने झालेले.

घरच्यांना ते आधीच ठाऊक होतं. बायकोलासुद्धा, आणि तेही लग्नाआधीपासून. तोही गप्प, तीही गप्प. १९१९ मध्ये ‘बार्बेलियन’ या टोपणनावानं त्याची रोजनिशी छापली गेली आणि त्याच वर्षी तो गेला.

त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण पॅरिसमध्ये शार्को या मज्जाविकारतज्ज्ञानं १८६८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं, त्यानंतर अर्धशतक उलटलं तरी हाती औषध नव्हतं. ज्या सत्याचा उपयोग नाही, ते सांगायचं कशाला?

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. खरं बोलायचं व्रत घेतलेल्या या ब्राह्मणानं, जीव वाचवायला पळालेली माणसं कुठे लपलीत ते लुटारूंना सांगून टाकलं. माणसं मारली गेली, कौशिक नरकात गेला. ‘पेशंटला काही सांगू नका हं’ असं डॉक्टरांना बाहेर गाठून विनवणाऱ्या आपल्याकडच्या नातेवाइकांना ही गोष्ट जवळची वाटेल. मात्र एक फरक आहे. कौशिकानं दुसऱ्यांचं गुपित त्यांच्या मारेकऱ्यांच्या हाती दिलं होतं. रुग्णाचं निदान रुग्णाचंच असतं. ते इतरांना सांगून त्याच्यापासून लपवायचं, हे कौशिकाच्या उलट टोकाचं पाप म्हणावं लागेल.

शिवाय आता सत्याला उपयोग आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या आवरणावर, मायेलिनवर, उलटते. एखाद्या तरुणीच्या एका डोळ्यापुढे धुरकट होतं, बुबुळ फिरवलं की दुखतं, त्या डोळ्याला लाल रंग विटका दिसतो. काही आठवड्यांत बरंही वाटतं. पुढे कधीतरी पाय बधिर होतो. एकाच तपासणीत निकाल लागत नाही. मेंदू-मज्जारज्जूत वेगवेगळ्या जागी इजा झाल्याचा पुरावा एमआरआयमधून, पाठीतल्या पाण्यातून जुळवायचा. बी-१२ ची कमतरता, क्षयरोग, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका अशा बहुरूप्यांना बाजूला सारायचं. आजाराला आवर घालणारं पहिलं औषध अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं. आज झटके बरेच कमी करणारी इंजेक्शनं आहेत. त्यांची किंमत परवडत नाही म्हणून भारतात अनेक डॉक्टर रिटक्सिमॅब वापरतात. मुळात दुसऱ्या आजारांसाठी आलेलं हे औषध प्रतिकारशक्तीच दाबतं. संसर्गाची, लशींची, बाळंतपणाची गणितं बदलतात. ‘ताकदीची सलाइन आहे’ असं सांगून ते लावणं म्हणजे फसवणूक.

खरा पेच वेगळाच आहे. डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला आणि अगदी एमएससारखे पांढरे डाग दिसले. लक्षण मात्र एकही नाही. २००९ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव मिळालं. अशा लोकांचा मागोवा घेतला तेव्हा दहा वर्षांत निम्म्यांना आजार झाला, निम्म्यांना नाही. निदानाच्या २०२४ च्या सुधारित निकषांनी यांतल्या काहींना लक्षणांविनाच एमएसचे रुग्ण ठरवलं आहे. आजार मग कुठे असतो? अंगात, फिल्मवर की निकषांच्या तक्त्यात?

उपचार लवकर सुरू केले तर पहिला झटका लांबतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून निकष सैल करण्यात शहाणपण आहेच. पण ज्यांना पुढे काहीच झालं नसतं, त्यांनाही आयुष्यभराची चिठ्ठी आणि स्थळ बघताना लपवायचं एक कारण मिळतं. इथे डॉक्टरांनी खरं बोलायचं म्हणजे ‘यातलं तुमचं काय होईल ते मला ठाऊक नाही’ हेही बोलायचं, आणि शक्य असेल तर स्कॅन काढण्याआधीच.