जल्प, वाद आणि चौसष्ट घरे

डोंबिवलीत किंवा मुलुंडमध्ये चार उत्साही माणसे बुद्धिबळाचे मंडळ काढायचे ठरवतात, तेव्हा त्यांच्या पत्रकातली कारणे ठरलेली असतात. मुलांची एकाग्रता वाढेल, हातातला मोबाईल सुटेल आणि एकाच इमारतीत राहूनही नावाने न ओळखणारी माणसे एकमेकांच्या जवळ येतील. पहिल्या दोन कारणांची तरफदारी क्लासवाले पुरेशी करतात, ती इथे सोडून देऊ. तिसरे मात्र सहज मान्य करण्यासारखे नाही. भजनी मंडळात दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवावा लागतो, ढोलपथकात ठेका एक ठेवावा लागतो. बुद्धिबळात समोरच्याची पडझड हाच आपला लाभ, आणि ती घडवून आणताना बोलायचीही मुभा नाही. एकमेकांना हतबल करण्यासाठी जमलेल्या माणसांत शेजारधर्म कसा वाढेल, हा प्रश्न नैतिक आहे आणि जुनाही आहे.

धर्मांनी या खेळाकडे पुन्हा पुन्हा संशयाने पाहिले आहे. बौद्धांच्या दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने टाळायच्या करमणुकींची लांबलचक यादी आहे आणि तिची सुरुवातच आठ व दहा घरांच्या पटांवरच्या खेळांनी होते. आपले बुद्धिबळ तेव्हा जन्मलेही नव्हते. पट आधीच बदनाम झाला होता. इ. स. 1061च्या सुमारास पीटर डॅमियन या कार्डिनलने पोपला लिहिलेल्या पत्रात फ्लॉरेन्सच्या बिशपची हकिगत येते. बिशप बुद्धिबळ खेळताना सापडला. फासे वेगळे आणि बुद्धिबळ वेगळे, असा बचाव त्याने केला, पण डॅमियनने तो मानला नाही. प्रायश्चित्त म्हणून त्याला स्तोत्रसंहिता तीनदा म्हणायला आणि बारा गरिबांचे पाय धुऊन त्यांना दान द्यायला सांगितले. इराणमध्ये क्रांतीनंतर आलेली बंदी 1988 साली खोमेनींनी जुगार नसावा या अटीवर उठवली. अफगाणिस्तानात तालिबानने 2025 साली जुगाराचेच कारण देत खेळ थांबवला. पैसा मधून काढला की यातला अर्धा आक्षेप गळून पडतो. आपला कायदाही कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांत फरक करतो; म्हणजे त्या बिशपचा बचाव आज कोर्टात टिकला असता. उरलेला अर्धा आक्षेप अधिक खोल आहे. डॅमियनने दिलेली कारणे काहीही असोत, दुसऱ्याचे पाय धुवायला लावणे हे मला जुगारापेक्षा अहंकारावरचे औषध वाटते. आपण समोरच्याहून हुशार आहोत हे सिद्ध करण्याची चटक पैजेशिवायही लागते, आणि ती चटक शेजाराला घातक आहे यात शंका नाही.

या चटकीचा विचार आपल्याकडच्या नैयायिकांनी वेगळ्या संदर्भात, पण फार बारकाईने केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार येतात. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. त्यात शब्दच्छलही चालतो. स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची मोडायची, ती वितंडा. ही कसोटी लावली तर बुद्धिबळाचा डाव उघडच जल्पात मोडतो. आपली योजना लपवायची, समोरच्याला चकवायचे, त्याची घड्याळातली मिनिटे संपण्याची वाट पाहायची. माझे म्हणणे इतकेच आहे, की डाव जल्प असला तरी मंडळ त्याला वादाकडे नेऊ शकते, आणि मंडळ काढण्याचे खरे समर्थन तिथेच आहे. चांगल्या खेळाडूंची एक जुनी रीत आहे. डाव संपला की दोघेही लगेच उठत नाहीत; मोहरी पुन्हा मांडतात आणि चूक कुठे झाली ते मिळून शोधतात. घोडा इथे आणला असता तर? वजीर मारायला मी का भ्यालो? ज्याने आत्ताच आपली फळी फोडली, तोच आपली बाजू कशी सावरता आली असती ते दाखवतो, आणि पुष्कळदा जिंकणाऱ्याला कळते की आपला विजय समोरच्याच्या घबराटीवर उभा होता. या अर्ध्या तासात हार किंवा जीत कुणा एकाची राहत नाही.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडते. अनुभवी खेळाडूंचे डाव मात होईपर्यंत क्वचितच जातात. हरणारा स्वतःच डाव सोडतो. म्हणजे निकाल बहुधा पंच देत नाही, पराभूत माणूस स्वतःविरुद्ध देतो, आणि तोही समोरच्याच्या डोळ्यांदेखत, हात पुढे करून. या हस्तांदोलनाला किती किंमत आहे ते 2008 साली नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेत दिसले. इव्हान चेपारिनोव्हने डावाच्या आरंभी नायजेल शॉर्टशी हात मिळवायला नकार दिला, तेव्हा पंचांनी त्याला पराभूत ठरवले. अपिलात डाव पुन्हा खेळवला गेला आणि शॉर्ट पटावरही जिंकला. फोनवर हरलेला माणूस एक बटण दाबतो किंवा नुसता निघून जातो. लिफ्टमध्ये उद्या भेटणाऱ्या माणसासमोर ‘सोडला’ म्हणणे त्याहून जड आहे. निवृत्त अधिकाऱ्याला ते पाचवीतल्या मुलासमोर म्हणावे लागले, तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कधी न दिसलेली समता तिथे दिसते.

यावर कुणी म्हणेल, की चूक शोधायला आता माणूस कशाला हवा, संगणक क्षणात सांगतो. सांगतो खरे, पण तो निवाडा देतो. आपण तसे का खेळलो हे त्याला ठाऊक नसते, आणि दोन बाजूंशिवाय वाद होत नाही. दुसरा आक्षेप असा, की जिंकायची ईर्ष्या असलेल्यांना हे विश्लेषण नकोच असते. मान्य. पण गौतमाने जल्पालाही हाकलून दिलेले नाही. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्याचा उपयोग तो मान्य करतो. ईर्ष्या नसेल तर डाव पोकळ होतो आणि मग शोधायलाही काही उरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पटावर सगळे समान असले तरी पटापर्यंत सगळ्यांना येऊ देतात का? 1976 साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या, तेव्हा त्यावरून वादळ उठले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, हे फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले. खेळाचे नियम समतेचे होते, दार मात्र बंद होते. उपनगरी मंडळांत हे दार वेगळ्या रीतीने लागते. रेटिंगवाली मुले आणि त्यांचे पालक जागा व्यापतात, फी वाढते, आणि दिवसभर लोकलने दमून आलेली बाई किंवा खालच्या दुकानातला मुलगा आत डोकावत नाही. दार उघडे ठेवायला चिकाटी लागते. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ आयुष्यभर निष्ठेने चालवले आणि ते गाव या खेळासाठी ओळखले जाऊ लागले. एका मंडळाने गावाचा स्वभाव घडू शकतो, एवढे तरी त्यावरून म्हणता येते; पण उपनगरात माणसे भाड्याची घरे बदलत राहतात, तिथे ही चिकाटी एकट्या माणसाकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. ती व्यवस्थेतच बसवावी लागेल.

म्हणून पट आणि घड्याळे विकत घेण्याआधी वेळापत्रकावर भांडण व्हायला हवे. एका संध्याकाळी पाच झटपट फेऱ्या ठेवल्या तर विजेता लवकर ठरतो, बक्षीस वाटता येते, फोटो निघतो. डाव पुन्हा मांडायला मात्र कुणाला सवड मिळत नाही. दोनच फेऱ्या ठेवाव्यात आणि प्रत्येक डावानंतर पट तसाच राहू द्यावा. सोसायटीचे सभागृह नऊला रिकामे करावे लागत असेल, तर शेवटचा डाव साडेआठच्या आत संपायला हवा.